जेद्दा ते मुंबई : पाच तासांच्या वाटेचा खरा हिशेब

आमच्या गावात ‘जेद्दा किती लांब आहे?’ असे कुणालाही विचारा, किलोमीटरमध्ये उत्तर मिळणार नाही. ओटीवर तांदूळ निवडणारी दादी असो की मकतबमधून परतणारा मुलगा, उत्तर एकच येते : ‘पाच तास.’ आणि मुंबई? ‘सात तास.’ म्हणजे गावाच्या हिशेबाने जेद्दा मुंबईपेक्षा जवळ आहे!

यात हसण्यासारखे असले तरी नवल वाटण्यासारखे काही नाही. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील आपल्या मोहल्ल्यांत असे घर क्वचितच सापडेल, ज्याचा मुलगा, जावई, भाऊ किंवा भाचा सौदी अरब, कुवेत, कतर किंवा दुबईत नाही. विमानाने आखाती देश इतके जवळ आणले आहेत, की आपण त्यांचे अंतर मोजायचेच सोडून दिले. ‘पाच तास’ हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे, की त्यात काय येते आणि काय येत नाही, हे कुणी विचारत नाही.

आम्हीही विचारले नव्हते. आम्ही शाळेत भूगोल शिकवतो, वीस वर्षे फळ्यावर अक्षांश-रेखांश काढतो. तरीही तीन वर्षांपूर्वी आमच्याच घरात या ‘पाच तासां’च्या भरवशावर आम्ही एक शब्द देऊन बसलो, आणि तो पाळता आला नाही. ती हकिकत पुढे सांगणारच आहोत. पण आधी अंतराचा हिशेब समजून घेऊ, म्हणजे आमची चूक कुठे झाली हे वाचकांच्या ध्यानात येईल.

नकाशावरचे अंतर

घरात मुलांची नकाशावही असेल तर काढा. मुंबई साधारण ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि जेद्दा ३९ अंशांवर. फरक ३४ अंशांचा. दोन्ही शहरे विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २० अंशांच्या आसपास आहेत, मुंबई १९ वर आणि जेद्दा साडेएकवीसवर. विषुववृत्तावर एका रेखांशाचे अंतर १११ किलोमीटर असते. उत्तरेकडे जावे तसे ते कमी होत जाते. २० अंशांवर ते सुमारे १०४ किलोमीटर भरते. आता ३४ ला १०४ ने गुणा : ३,५३६ किलोमीटर. विमानमार्गांच्या कोष्टकात जेद्दा-मुंबईचे सरळ अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर दिलेले असते. सातवीच्या मुलाने वहीवर केलेले गणित खऱ्या आकड्याच्या किती जवळ गेले, पाहा!

३,५०० किलोमीटर म्हणजे किती? मुंबईहून दिल्ली हवाई मार्गाने सुमारे १,१५० किलोमीटर आहे. म्हणजे तीन वेळा दिल्ली गाठण्याएवढे अंतर. दुबई साधारण १,९०० किलोमीटरवर आहे, त्यामुळे जेद्दा दुबईच्या जवळजवळ दुप्पट लांब. गावात मात्र दोन्ही ‘तिकडे आखातात’ या एकाच शब्दात मोडतात. खरे तर जेद्दा आखाताच्या किनाऱ्यावर नाहीच. अरबस्तानचे सारे वाळवंट ओलांडून गेल्यावर पलीकडे तांबड्या समुद्राच्या काठावर ते वसले आहे.

पृथ्वी गोल असल्याने दोन शहरांमधली सर्वांत जवळची वाट नकाशावर सरळ दिसत नाही. मुंबईहून जेद्दाकडे निघालेली ही वाट ठीक पश्चिमेला न जाता थोडी उत्तरेकडे झुकून निघते. हा भूगोल आपल्याला मशिदीत रोज भेटतो. मुंबईत किब्ला अगदी पश्चिमेला नसून सुमारे दहा अंश उत्तरेकडे आहे, तो याच कारणाने. जेद्दा मक्का शरीफपासून फार लांब नाही, म्हणून आपली नमाजेची दिशा आणि हाजींच्या विमानाची दिशा जवळपास एकच आहे.

पाच तास कसे होतात?

प्रवासी विमान उंचावर गेल्यावर ताशी साडेआठशे ते नऊशे किलोमीटर वेगाने जाते. ३,५०० ला ८५० ने भागले तर चार तासांहून थोडे जास्त येतात. मग पाच का लागतात? एक तर विमान दाराशी सुटल्यापासून धावपट्टीवर पोचेपर्यंत आणि उतरल्यावर पुन्हा दाराशी लागेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. विमानाला ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जावे लागते, त्यामुळे वाट थोडी लांबते. आणि उंचावर वारा असतो.

दहा-बारा किलोमीटर उंचीवर या पट्ट्यात, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. मुंबईहून जेद्दाला जाताना हे वारे समोरून येतात, परतताना पाठीवर असतात. म्हणून जाताना पाच ते साडेपाच तास लागतात आणि येताना साडेचार ते पाच. नदीत होडी प्रवाहाविरुद्ध नेणे आणि प्रवाहाबरोबर आणणे यात जो फरक पडतो, तोच हा.

जाताना आणखी एक गोष्ट घडते. विमान पश्चिमेला, म्हणजे सूर्याच्या मागे मागे जात असते. आपल्या अक्षांशावर पृथ्वीची जमीन ताशी सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. विमान त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक वेगाने उलट दिशेला जाते. म्हणून विमानात बसलेल्याला सूर्य जवळजवळ निम्म्या गतीने ढळताना दिसतो. असर आणि मगरिबमधला वेळ लांबतो. परतताना याच्या उलट, सूर्य घाईने बुडतो आणि मगरिबनंतर इशाही लवकर येते. रमजानमध्ये उमराहला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. विमानात रोजा मुंबईच्या घड्याळावर सुटत नाही, खिडकीतून सूर्य बुडाल्यावर सुटतो. तसेच थेट जेद्दाला जाणाऱ्या विमानात मिकात हवेतच ओलांडली जाते. म्हणून एहरामची चादर सामानात टाकून न देता हाताशी ठेवावी किंवा निघण्यापूर्वीच गुंडाळावी.

तिकिटावरची वेळ आणि तारीख

वर्गात हे शिकवताना एका मुलीने विचारले होते, ‘सर, एका रेखांशाला चार मिनिटे, तर ३४ रेखांशांना १३६ मिनिटे होतात. सव्वादोन तास. मग अब्बू अडीच तास मागे आहेत असे का म्हणतात?’ प्रश्न बरोबर होता. सूर्य मुंबईनंतर सुमारे सव्वादोन तासांनी जेद्दाला पोचतो. पण घड्याळे शहराच्या रेखांशावर लावलेली नसतात, देशाच्या प्रमाणवेळेवर लावलेली असतात. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची आहे आणि सौदीची ४५ अंशांची. फरक साडेसदतीस अंश, गुणिले चार मिनिटे, म्हणजे बरोबर १५० मिनिटे. अडीच तास.

या अडीच तासांमुळे तिकीट फसवते. विमानांच्या तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहरातली असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या शहरातली. मुंबईहून सकाळी सहाला निघून जेद्दात साडेआठला पोचतो असे लिहिलेले असेल, तर प्रवास अडीच तासांचा वाटतो. प्रत्यक्षात तो पाच तासांचा असतो. परतीचे विमान जेद्दाहून संध्याकाळी सहाला निघून मुंबईत रात्री दीडला पोचणार असेल, तर तो साडेसात तासांचा वाटतो. तोही पाचच तासांचा असतो.

आणि तारीख! रात्री दीड म्हणजे दुसऱ्या दिवसाची तारीख. चौदा तारखेला निघालेला माणूस पंधरा तारखेच्या रात्री दीडला मुंबईत उतरतो, असे तिकिटावर छापलेले असते. आपले लोक ‘पंधराची रात्र’ म्हणजे पंधरा तारखेला जेवूनखाऊन निघायचे, असे समजतात. माणूस मात्र चौदा तारखेच्या रात्रीच उतरून बाहेर बसलेला असतो. गाडी चोवीस तास उशिरा गेल्याची उदाहरणे आमच्याच मोहल्ल्यात दोन आहेत.

जहाजांच्या काळात

आमचे दादाजान जहाजावर खलाशी होते. त्यांच्या वेळी मुंबईहून जेद्दाला जायचे ते समुद्रमार्गाने. अरबी समुद्र ओलांडून एडनजवळून बाब-अल-मंदबच्या सामुद्रधुनीतून तांबड्या समुद्रात शिरायचे आणि मग उत्तरेला जेद्दापर्यंत जायचे. ही वाट सुमारे २,३०० सागरी मैलांची, म्हणजे ४,२६० किलोमीटरच्या आसपास. मोगल लाइनची जहाजे हाजींना घेऊन जायची. ‘अकबरी’ जहाजाचे नाव आजही आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे. एका बाजूच्या प्रवासाला बारा ते पंधरा दिवस लागत. हाजींना निरोप द्यायला अर्धे गाव मुंबईला जाई, मुसाफिरखान्यात मुक्काम करी, आणि निरोप देताना एकमेकांची कही-सुनी माफ करून घेतली जाई, कारण परत भेट होईल याची कुणालाच खात्री नसे. १९९५ नंतर मुंबईहून हाजींची जहाजे बंद झाली आणि सारा प्रवास विमानाचा झाला.

दादाजान समुद्रावर असताना त्यांच्या आईचा इंतकाल झाला. पत्र त्यांना कुठल्या तरी बंदरात मिळाले. ते गावी आले सात महिन्यांनी, आणि घरी पिशवी ठेवण्याआधी कब्रस्तानात गेले. त्यांच्यासाठी जनाजा थांबवावा, हा विचारही त्या काळी कुणाच्या मनात आला नसता. थांबवणार किती? बारा दिवस?

जनाजा थांबवण्याचा प्रश्न विमानाने आणला. माणूस पाच तासांवर आला, आणि म्हणून त्याची वाट पाहावीशी वाटू लागली.

तो शुक्रवार

तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत, एका शुक्रवारी पहाटे चार वाजता आमचे अब्बा अल्लाहला प्यारे झाले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही भाईजान म्हणतो, अठरा वर्षांपासून जेद्दात आहेत. आम्ही लगेच फोन लावला. तिथे रात्रीचा दीड वाजला होता. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मी निघतो. थांबाल ना?’

आम्ही म्हणालो, ‘थांबतो, भाईजान. तुम्ही या.’

हा शब्द आम्ही कशावर दिला? पाच तास विमानाचे आणि सात तास मुंबई ते गाव, एकूण बारा. संध्याकाळी चारपर्यंत येतील, असरनंतर जनाजा उचलू. मनात एवढाच हिशेब होता. फजरच्या नमाजेनंतर मशिदीच्या भोंग्यावरून तसे जाहीरही केले : जनाजा असरनंतर.

आता त्या दिवशी जेद्दात काय घडले ते ऐका. सौदीत शुक्रवार-शनिवार साप्ताहिक सुट्टी असते. नोकरीला असलेल्या परदेशी माणसाला सुट्टीवर येऊन परत जायचे असेल तर एक्झिट-रीएंट्री व्हिसा लागतो. तो काढणारा कंपनीचा मंदूब त्या रात्री फोन उचलत नव्हता. सुट्टीच्या रात्री झोपलेल्या माणसाला दोष तरी काय द्यायचा? सकाळी आठला तो सापडला, पावणेदहाला व्हिसा निघाला. म्हणजे आपल्याकडे सव्वाबारा वाजले होते. थेट मुंबईचे दुपारचे विमान भरलेले होते. मिळाले ते एका आखाती शहरात बदलायचे तिकीट. निघण्याची वेळ दुपारी चार, मध्ये चार तास बसणे, आणि मुंबईत शनिवारी पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी उतरणे.

हा निरोप पावणेएकला आला. आम्ही अब्बांच्या खोलीबाहेर बसून एका पाकिटाच्या मागे बेरीज केली. पहाटे ४.२० ला उतरणार, सामान आणि तपासणी होऊन साडेपाचला बाहेर, पुढे सात तास. शनिवारी दुपारी साडेबारा. बारा तासांचा आमचा हिशेब साडेबत्तीस तासांवर गेला होता.

जुम्याच्या नमाजेनंतर घरात बैठक बसली. कुणी म्हणाले, तालुक्याहून शवपेटी आणू, बर्फ आणू. कुणी म्हणाले, थोरला मुलगा आहे, त्याच्याशिवाय माती कशी द्यायची? इमामसाहेबांनी सांगितले की दफनात घाई करण्याची ताकीद आहे, विनाकारण उशीर करू नये, बाकी घरच्यांनी ठरवावे. आम्ही तर शब्द देऊन बसलो होतो. आमच्या तोंडून निर्णय निघेना.

अम्मी आतल्या खोलीतून म्हणाल्या, ‘तुमच्या दादाजाननी आपल्या आईची कबर सात महिन्यांनी पाहिली. तेव्हा त्यांची मुहब्बत कमी पडली, असं कुणी म्हणालं नाही. यांना थांबवू नका.’

अडीच वाजता आम्ही जेद्दाला फोन केला. तिथे दुपारचे बारा वाजले होते, भाईजान जुम्याला निघाले होते. आम्ही सांगितले. ते ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला.

असरनंतर जनाजा झाला. पाच वाजेपर्यंत माती देऊन लोक घरी आले. भाईजानचे विमान जेद्दाच्या धावपट्टीवरून उठले तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. त्यांच्या विमानाने जमीन सोडली त्याच्या दीड तास आधी अब्बांना माती दिली गेली होती, आणि हे त्यांना विमानात बसताना ठाऊक होते.

शनिवारी दुपारी ते आले. पिशवी ओटीवर न ठेवताच कब्रस्तानात गेले. साडेबत्तीस तासांतले ते हवेत होते जेमतेम सहा तास. उरलेले सारे तास फोनची वाट पाहण्यात, कागदात, रांगेत, बाकड्यावर आणि महामार्गावर गेले होते.

त्यांनी दफनाबद्दल कधीच तक्रार केली नाही. पण पुढचे चार महिने ते आमच्याशी मोजकेच बोलले. एकदा फोनवर म्हणाले, ‘दफन केलंत ते योग्यच केलंत. पण तू थांबतो म्हणाला होतास. नसतास म्हणाला, तर मी त्या रात्रीच रडून घेतलं असतं.’

त्यावर आम्हाला उत्तर नव्हते. आजही नाही.

जे आम्हाला त्या वेळी सुचले नाही

आमच्या कोकणातील बहुतेक मुसलमान शाफई मसलकाचे आहेत. या मसलकात दूरच्या गावी इंतकाल झालेल्या माणसाची गायबाना जनाजा नमाज अदा करता येते, आणि दफन झाल्यावर कबरीपाशीही जनाजा नमाज पढता येते. हबश्याचा बादशहा नज्जाशी याच्या इंतकालाची खबर मिळाल्यावर रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी मदिनेत त्याची जनाजा नमाज पढली होती. हबशा तांबड्या समुद्राच्या पलीकडे, मदिनेत बसून तिथे पोचणे कुणालाच शक्य नव्हते. हनफी मसलकात याबाबत मत वेगळे आहे. म्हणून प्रत्येकाने आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

भाईजाननी शनिवारी कबरीपाशी नमाज पढली. पण शुक्रवारी अडीचच्या फोनवर आम्ही एवढे सांगितले असते की ‘इथे असरला जनाजा आहे, तिथे तेव्हा साधारण दीड वाजलेला असेल, तुम्ही तिथून पढा’, तर ते त्या वेळी एकटे पडले नसते. जेद्दात आपल्या कोकणातले किती लोक आहेत! दोन सफा सहज उभ्या राहिल्या असत्या. आम्ही वेळेचा फरक काढला, तो फक्त ते कधी पोचतील हे पाहण्यासाठी. दोन्हीकडे एकाच वेळी काय करता येईल, यासाठी काढला नाही.

कपाटातला कागद

पुढच्या सुट्टीत भाईजान आले तेव्हा आम्ही दोघांनी बसून एक कागद तयार केला. तो आज अम्मींच्या कपाटात दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. प्रत्येक घराचा आकडा वेगळा असेल, पण मांडणी अशी :

व्हिसा हातात आहे आणि थेट विमानात जागा आहे असे धरले, तर जेद्दातल्या खोलीवरून विमानतळापर्यंत १ तास, विमानतळावर निघण्याच्या ३ तास आधी हजेरी, विमान ५ तास, मुंबईत बाहेर पडायला १ तास, मुंबई ते गाव ७ तास. एकूण १७ तास. सगळे सुरळीत झाले तर १७. आपल्या गावी ‘पाच तास’ म्हणतात ती वाट कमीत कमी सतरा तासांची आहे, हे आधी स्वतःला आणि मग घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

यात मिळवायचे तास वेगळे लिहा. व्हिसा निघालेला नसेल तर किती, शुक्रवार-शनिवार असेल तर किती, थेट विमान नसेल तर किती. भाईजाननी ही बाजू स्वतः भरली. मंदूबचा नंबर, सुट्टीच्या दिवशी भेटणाऱ्या दुसऱ्या माणसाचा नंबर, पासपोर्ट कुठे ठेवलेला असतो, इकाम्याची मुदत कधी संपते. घरात कुणी गंभीर आजारी असेल तर व्हिसा आधीच काढून ठेवावा, हेही त्यांनीच लिहिले.

त्याखाली कोणत्या वेळी इंतकालाची खबर गेली तर लवकरात लवकर कधी पोचता येईल, याच्या दोन-तीन ओळी लिहा. पहाटेची खबर, दुपारची खबर, रात्रीची खबर. दुःखाच्या घडीला बेरीज होत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. वीस वर्षे गणिते करून घेणाऱ्या शिक्षकालाही ती झाली नाही.

आणि सर्वांत शेवटी, थांबायचे की नाही ते लिहा. हे मुलाला विचारून, तो सुट्टीवर घरी असताना, सगळे समोरासमोर बसलेले असताना ठरवावे. आमच्या कागदावर ती ओळ भाईजानच्या अक्षरात आहे : ‘त्याच दिवशी असरपर्यंत पोचत असेन तरच थांबा. नाहीतर जनाज्याची वेळ कळवा, मी इथून नमाज पढेन.’

काही वाचकांना हे कोरडे वाटेल. आई-वडील हयात असताना असा कागद लिहिणे अपशकुनी वाटेल. आम्हालाही हात आखडत होता. पण मौत येणार यावर तर आपला ईमान आहे. ती आल्यावर परदेशी असलेल्या आपल्या माणसाला खोटी आशा लागू नये, एवढीच ही तयारी. कफनाचे कापड घरात ठेवणारी आपली माणसे अजून आहेत. हा कागद त्याच पेटीत ठेवायचा.

कागद चिकटवत होतो तेव्हा अम्मी मागे उभ्या होत्या. त्यांनी भाईजानना तो मोठ्याने वाचायला लावला. सतरा तासांची बेरीज ऐकली, सुट्टीच्या दिवसांची ऐकली, शेवटची ओळ दोनदा ऐकली. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, ‘माझ्या वेळी आधी हा कागद बघ. मग फोन कर.’

अल्लाह तआला आपल्या परदेशातल्या माणसांना सुखरूप ठेवो, आणि मरहूमांची मगफिरत करो. आमीन.